परत कधी येणार?

२०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या टाळेबंदीत, आम्ही काही जण पुण्याच्या कडेला असलेल्या बांधकाम मजुरांच्या वस्तीत शिधा वाटत होतो. पाच किलो कणीक, तीन किलो तांदूळ, दोन किलो डाळ, तेलाची पिशवी, मीठ, तिखट, हळद, साबणाच्या दोन वड्या. आत वळायला जागा नसल्याने टेम्पो रस्त्यावरच उभा करायचा आणि पिशव्या खांद्यावरून न्यायच्या. एका आजींनी पिशवी घेतली, आतला जिन्नस एकदा चाचपून पाहिला आणि विचारले, "परत कधी येणार, बाळा?" बरोबरच्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बघू, येऊ." आजी पुढे काही बोलल्या नाहीत. पिशवीचे तोंड घट्ट बांधून त्या आत गेल्या. आमचे पैसे तोवर संपत आले होते आणि त्या वस्तीत आम्ही पुन्हा गेलो नाही.

त्याच सुमारास आफ्रिका खंडातल्या कितीतरी देशांत विशी-पंचविशीतली मुले हेच करत होती. फोनवर वर्गणी गोळा करायची, घाऊक बाजारातून मक्याचे पीठ, तेल आणि घेवड्याच्या बिया उचलायच्या, पोलिसांचा पास मिळवायचा आणि गाडी जाईल तिथवर न्यायचे. गरज खरी होती. २१ एप्रिल २०२० रोजी जागतिक अन्न कार्यक्रमाचे प्रमुख डेव्हिड बीझली यांनी सुरक्षा परिषदेला सांगितले, की जगात तीव्र अन्नटंचाईत जगणारी १३ कोटी ५० लाख माणसे वर्षअखेर २६ कोटी ५० लाखांवर जाऊ शकतात. पूर्व आफ्रिकेवर तेव्हा टोळधाडही आलेली होती. केनियाने सत्तर वर्षांत एवढी मोठी धाड पाहिली नव्हती. अशा वेळी घरात न बसता पिशव्या उचलणाऱ्या मुलांविषयी मला आदरच आहे. तरीही गेल्या काही वर्षांत त्या काळाचे जे तपशील वाचले, त्यातून एक धोका मला फार ठळक दिसतो आणि पुढची साथ किंवा पुढचा दुष्काळ येण्याआधी तो बोलून टाकायला हवा. तरुण मुले मदतीला धावली, की सरकारला आपले हात मागे घेणे सोपे जाते. आणि खेड्यात, जिथे सरकारचे हात मुळातच आखूड असतात, तिथे ते एकदा मागे गेले की पुढे यायला वर्षे लागतात.

भूक त्या वर्षी खेड्यात शिरली कशी, हे आधी पाहू. दक्षिण आफ्रिकेचेच उदाहरण घेतो, कारण तिथली नोंद बरी आहे. देशात मक्याचे पीक त्या हंगामात भरघोस आले होते. दुकानांत पीठ होते. २७ मार्चपासून कडक टाळेबंदी लागली आणि पैशाची वाट बंद झाली. जोहान्सबर्ग, प्रिटोरियाकडे रोजंदारीला गेलेला मुलगा गावी पैसे पाठवायचा, ते थांबले. रस्त्याच्या कडेला भाजी, फळे विकणाऱ्या बायकांना पहिल्या आठवड्यात बसायचीच परवानगी नव्हती. पुढे मिळाली ती नगरपालिकेचा परवाना असेल तर. त्यांनाच माल घालणाऱ्या लहान शेतकऱ्याचे पालेभाजीचे वाफे उभ्या उभ्या वाया गेले. आणि १८ मार्चला शाळा बंद झाल्या, तेव्हा शाळेतले जेवणही बंद झाले. फोनवरून घेतलेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत ४७ टक्के लोकांनी सांगितले, की एप्रिलमध्ये अन्न विकत घ्यायला घरात पैसे उरले नव्हते. सातांतल्या एकाने सांगितले, की गेल्या आठवड्यात घरातले मूल उपाशी राहिले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये लिहिले होते, की दुष्काळात माणसे मरतात ती बहुधा अन्न नसल्याने नव्हे, अन्न मिळवण्याचा हक्कच हातून सुटल्याने. त्या वर्षी लिम्पोपो या ग्रामीण प्रांतातल्या गावांत ते तसेच घडत होते.

आता पिशवीचा हिशेब. दहा किलो मक्याचे पीठ, थोडे तेल, घेवडा, साखर, चहा, माशांचे एक-दोन डबे. सहा माणसांच्या घरात दिवसाला दोन किलो पीठ सहज लागते. मक्याचा घट्ट घाटा, तिथे त्याला पॅप म्हणतात, हेच तिथले मुख्य अन्न; आपल्याकडे भाकरी असावी तसे. म्हणजे पाच दिवस. आईने हात राखून शिजवले तर आठवडा. २१ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी जाहीर केले, की पुढच्या दोन आठवड्यांत देशभर अडीच लाख पिशव्या वाटल्या जातील. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण शाळेतले जेवण त्याआधी रोज नव्वद लाखांहून अधिक मुलांच्या ताटात पडत होते. भरडलेला मका आणि घेवडा, पॅप आणि पिल्चर्ड मासे, सोया, भाजी, फळ, असा वाराप्रमाणे ठरलेला बेत. शिजवायला गावातल्याच बाया. नेल्सन मंडेला यांच्या सरकारने १९९४ मध्ये सुरू केलेली ही योजना. नव्वद लाख रोजची ताटे थांबवायची आणि अडीच लाख पिशव्यांची घोषणा करायची, आणि वर्तमानपत्रांत फोटो यावेत ते पिशव्यांचे! थांबलेल्या ताटाचा फोटो काढता येत नाही.

पिशव्या कुणाला मिळाल्या, हा पुढचा प्रश्न. यादी करणारा माणूस कोण, यावर सगळे ठरते. दक्षिण आफ्रिकेत नगरसेवक पिशव्या आपल्या माणसांकडे वळवत असल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की खुद्द राष्ट्राध्यक्षांना आपल्या साप्ताहिक पत्रात त्याचा उल्लेख करावा लागला. नैरोबीच्या किबेरा वस्तीत १० एप्रिलला पीठ आणि तेलाच्या वाटपाला एवढी झुंबड उडाली, की पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरीत अनेक जण जखमी झाले. नायजेरियात खासगी कंपन्यांच्या आघाडीने दिलेले धान्य राज्य सरकारांच्या गोदामांत महिनोन्महिने पडून राहिले. ऑक्टोबरमध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुणांचे आंदोलन पेटले, तेव्हा लोकांनी लागोसपासून जॉसपर्यंत एकेक गोदाम फोडले आणि पोती डोक्यावर घेऊन घरी गेले. सरकारे म्हणाली, वाटप चालूच होते.

युगांडातला प्रकार याहून बोलका आहे. तिथे सरकारी शिधा ठरला माणशी सहा किलो मक्याचे पीठ आणि तीन किलो घेवडा, आणि तो कंपाला आणि शेजारच्या वाकिसो जिल्ह्यातल्या शहरी गरिबांसाठी. या शिध्याच्या खरेदीत भाव फुगवल्याच्या आरोपावरून पंतप्रधान कार्यालयातल्या चार बड्या अधिकाऱ्यांना एप्रिलमध्येच अटक झाली. दुसरीकडे राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी बजावले होते, की कुणी राजकारणी स्वतः अन्न वाटून गर्दी जमवील तर त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला जाईल. मित्यानाचे तरुण खासदार फ्रान्सिस झाके यांनी आपल्या मतदारांना अन्न वाटले. १९ एप्रिलला त्यांना अटक झाली आणि पुढे ते रुग्णालयात दिसले, अंगावर जखमा घेऊन. अन्न देणाऱ्या हाताची सत्तेला एवढी धास्ती वाटते. यातून तरुणांनी ओळखावे, की पीठ वाटणे हे निव्वळ पुण्यकर्म नसते. कुणाच्या हातून कुणाला काय मिळाले याची नोंद गावाच्या मनात राहते. आपण पिशवीवर नाव छापले नाही तरी गाडीला वाट करून देणाऱ्या पुढाऱ्याचे नाव तिच्यावर उमटलेले असतेच.

आणखी एक गोष्ट या सगळ्या देशांत सारखी दिसते. मदत शहरातून सुरू झाली आणि बहुतेक वेळा शहरातच संपली. मलावीत १८ एप्रिलपासून टाळेबंदी लागणार होती. आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने ती रोखली, कारण गरिबांच्या पोटाची काही तरतूद केलेली नव्हती. त्यानंतर रोख मदतीची योजना जाहीर झाली तीही शहरी गरिबांसाठी, आणि प्रत्यक्ष पैसे पडायला २०२१ उजाडले. शहरातली भूक रस्त्यावर येते, दुकान फोडते, बातमी होते. खेड्यातली भूक घरात बसते. आधी कोंबडी विकते, मग शेळी, मग पुढच्या पेरणीचे बी खाते. म्हणून तरुण मुले खेड्यात गेली हे फार मोलाचे. पण तीही डांबरी रस्त्याच्या कडेच्या गावांत गेली असणार, जिथे कुणाचा तरी फोन लागतो, कुणाचा तरी मावसभाऊ राहतो. हा दोष त्यांचा नव्हे. आम्हीही पुण्यात तेच केले. रस्त्यापासून लांबची वस्ती आमच्या यादीत आली नाही, कारण तिथले कुणी आमच्या ओळखीचे नव्हते.

दुरून मदत करणाऱ्यांसाठी तर जुना धडा आहे. १९८४-८५ मध्ये इथिओपियात दुष्काळ पडला. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फियात त्यासाठी लाइव्ह एड हा संगीताचा प्रचंड कार्यक्रम झाला आणि जगभरच्या तरुणांनी खिसे रिकामे केले. पैशाने जीव वाचले, यात शंका नाही. पण त्या दुष्काळाच्या मुळाशी तिथला हुकूमशहा मेंगिस्तू याच्या राजवटीचे युद्धही होते, आणि तीच राजवट उत्तरेतल्या सुमारे सहा लाख माणसांना बळाने दक्षिणेत हलवत होती. धान्याच्या वाटपाचा उपयोग त्या कामासाठी होत होता. हे उघडपणे बोलणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संस्थेला, मेदसाँ साँ फ्राँतिएरला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाबाहेर काढण्यात आले. देणाऱ्या मुलांना यातले बहुतेक ठाऊकच नव्हते. त्यांना दाखवले गेले होते ते भेगाळलेली जमीन आणि हाडे दिसणारे मूल. दुष्काळांचे अभ्यासक ॲलेक्स द वाल यांनी पुढे १९९७ च्या आपल्या पुस्तकात मांडले, की बाहेरची मदत जेव्हा राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची जागा घेते, तेव्हा ती पुढच्या दुष्काळाची सोय करून ठेवते. हे वाक्य मी माझ्या शब्दांत लिहितो आहे, पण आशय त्यांचाच आहे आणि मला तो पटतो.

मग तरुणांनी करायचे काय? याचे उत्तर देणारी मुले २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतच होती, आणि माझ्या मते त्या वर्षातले भुकेविरुद्धचे सर्वांत लांब पल्ल्याचे काम त्यांनी केले. इक्वल एज्युकेशन ही संघटना २००८ मध्ये केप टाऊनच्या खायेलित्शा वस्तीत सुरू झाली. तिचे सभासद बहुतेक शाळकरी मुले. ती स्वतःला इक्वलायझर म्हणवतात. पहिले आंदोलन होते लुह्लाझा शाळेच्या पाचशे फुटक्या खिडक्यांसाठी. मुलांनी फुटलेल्या काचा मोजल्या, फोटो काढले, सह्या गोळा केल्या आणि सरकारला त्या काचा बसवायला लावल्या. काचांसाठी वर्गणी काढणे याहून सोपे होते. त्यांनी ते केले नाही.

मोजायची ही सवय साथीत कामी आली. शिक्षणमंत्री अँजी मोत्शेखा यांनी आधी आश्वासन दिले होते, की जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सर्व पात्र मुलांना जेवण मिळेल, ज्यांचे वर्ग अजून भरत नाहीत त्यांनाही. मग ८ जूनला फक्त सातवी आणि बारावीचे वर्ग भरले आणि जेवणही तेवढ्यांनाच मिळू लागले. म्हणजे एकाच घरातला थोरला शाळेत जाऊन जेवणार आणि तिसरीतली बहीण घरी उपाशी. संघटनेने सभासद मुलांकडून कोण जेवते, कोण नाही याची माहिती गोळा केली. मुलांनी आणि घरच्यांनी काय सोसले ते शपथपत्रांत उतरवले. लिम्पोपोतल्या दोन शाळांच्या, वुलाउद्झी आणि माशाओच्या, व्यवस्थापन समित्या अर्जदार म्हणून बरोबर उभ्या राहिल्या. १७ जुलै २०२० रोजी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुलेट पॉटरिल यांनी निकाल दिला. शाळेचे जेवण हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, मूल शाळेत येत असो वा नसो त्याला ते मिळालेच पाहिजे, मंत्री आणि प्रांतांनी आपला आराखडा न्यायालयात सादर करावा आणि पुढे ठरावीक मुदतीने प्रगती कळवत राहावे. 'परत कधी येणार' या प्रश्नाला हे उत्तर होते. तारखेसकट, आणि सरकारच्या सहीने.

या मार्गाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. १८ मार्च ते १७ जुलै हे चार महिने होतात, आणि चार महिने पोट थांबत नाही. त्या काळात कुणी तरी पिशवी नेऊन दिली म्हणून कित्येक घरे टिकली. निकालानंतरही जेवण सगळ्यांपर्यंत पोचले नाही. ज्या दिवशी वर्ग नाही त्या दिवशी एका ताटासाठी लांबची पायपीट करायची किंवा गाडीभाडे भरायचे, हे अनेक मुलांना जमत नव्हते. म्हणून पिशवी की न्यायालय, असा वाद घालण्यात मला रस नाही. पिशवी घेऊन जाणाऱ्याने वही घेऊन जावे, एवढे माझे म्हणणे आहे. या गावच्या शाळेतले जेवण कधी थांबले, कुणाच्या आदेशाने, वृद्धांचे निवृत्तिवेतन कुठल्या महिन्यापासून आले नाही, आरोग्य केंद्रात मुलांची वजने शेवटची कधी घेतली, हे तिथेच, त्याच दिवशी लिहून घ्यायला अर्धा तास लागतो. पीठ शहरातल्या मॉलमधून भरण्याऐवजी गावच्या आणि शेजारगावच्या शेतकऱ्याकडून घेतले, तर वर्गणीचा पैसा गावातच फिरतो. एप्रिल-मेमध्ये दक्षिण आफ्रिकेत मक्याची सुगी असते. ऐन सुगीत बाहेरचे पीठ फुकट उतरवणे म्हणजे तिथल्या लहान शेतकऱ्याचा भाव पाडणे. आणि यादी गावासमोर मोठ्याने वाचावी. कुणाचे नाव राहिले हे गावाइतके कुणाला कळत नाही.

सरकारला जमतच नाही, हा युक्तिवाद मात्र ऐकून घेऊ नये. टोगो हा लहान, गरीब देश. तिथल्या सरकारने ८ एप्रिल २०२० रोजी नोव्हिसी नावाची योजना सुरू केली. कुठल्याही साध्या फोनवरून एक क्रमांक फिरवायचा, मतदार ओळखपत्राची माहिती द्यायची आणि पैसे फोनवरच जमा. बाईला महिन्याला १२,२५० फ्रँक, पुरुषाला १०,५००. घर बाईच चालवते, हे ओळखून केलेला फरक. फेब्रुवारीत निवडणूक झाली होती, म्हणून मतदार यादी ताजी होती आणि तिच्यात माणसाचा व्यवसायही होता. तिथेही सुरुवात राजधानीपासूनच झाली आणि ज्याच्याकडे फोन नाही तो बाहेर राहिला. पण पुढे उपग्रहाची छायाचित्रे आणि फोनच्या वापराची माहिती घेऊन सर्वांत गरीब ग्रामीण भाग शोधण्यात आले आणि योजना तिकडे वळवली. दक्षिण आफ्रिकेनेही मे २०२० मध्ये बेरोजगारांसाठी महिना ३५० रँडचे अनुदान सुरू केले. मुलांचे अनुदान घेणाऱ्या आयांना त्यातून वगळले होते. ती चूक दुरुस्त व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. साडेतीनशे रँड फार थोडे होते. तरी ते अनुदान साथ ओसरल्यावरही चालू राहिले, कारण एकदा महिन्याच्या महिन्याला येऊ लागलेला पैसा बंद करताना सरकारला कारण द्यावे लागते.

आपल्याला हे परके वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेही सुकडी खाल्ली आणि मिलोची लाल भाकरी गिळली. पण त्याच काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी, मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी कामाची मागणी लावून धरली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. सुकडी वाटणाऱ्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. मागेल त्याला काम, हे शब्द मात्र पुढे देशभराच्या कायद्यात गेले.

कायदा झाला, निकाल लागला, की काम संपत नाही, हेही दक्षिण आफ्रिकेतच दिसले. एप्रिल २०२३ मध्ये क्वाझुलू-नाताल प्रांतात शाळेचे जेवण पुन्हा बंद पडले. साथ नव्हती, टाळेबंदी नव्हती. प्रांताने अनेक लहान पुरवठादारांकडचे काम काढून एकाच ठेकेदाराकडे सोपवले होते, आणि सुट्टी संपून शाळा उघडल्या तेव्हा हजारो शाळांच्या स्वयंपाकघरांत धान्यच आले नव्हते. पहिल्याच आठवड्यात ओरड झाली. शिक्षकांनी, पालकांनी, विद्यार्थ्यांच्या संघटनांनी जाब विचारला आणि तो ठेका मोडावा लागला. शाळा कुठल्या दिवशी उघडते आणि त्या दिवशी ताटात काय असायला हवे, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत होते. ते आले नाही हे त्यांना बाहेरच्या कुणी येऊन सांगावे लागले नाही. वस्तीतल्या त्या आजींना मी अशी कुठलीच तारीख दिली नव्हती.